आपाचा उजवा हात

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानातली काच फुटून तमन्नाच्या उजव्या हातात गेली.

तमन्ना म्हणजे माझी नणंद, हाफीजची थोरली बहीण. तोंडावर मी तिला आपा म्हणते, अहोजाहो करते. इथे नावाने लिहीन. इथे ऐकायला कोणी नाही.

झालं असं. कोळवणच्या हैबतरावांची मुलगी उत्कर्षा, तिचा लग्नाचा चुडा आमच्याकडे आहे. हिरव्या बांगड्यांचा खोका मी फडताळातून काढत होते. तमन्ना मागून म्हणाली, "ठिव ते. लग्नाचा माल हाय."

"मीच मागवलाय, आपा."

"मागवलास म्हणून काय झालं? तुजा हात लावू नगंस."

मी खोका धरून ठेवला, एवढंच. ओढला तिने. पुठ्ठा फाटला, ती मागे गेली आणि काउंटरच्या काचेवर हात टेकून पडली.

पौडच्या डॉक्टरांनी फडकं दाबून बांधलं आणि पुण्याला न्या म्हणाले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नव्हतं. जीपमध्ये ती रडली नाही. एकदाच बोलली, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "खोका तुमी वढला."

२० नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, दोन्ही बोटांच्या. शिवल्यात. शिवणं हे निम्मं काम, बाकीचं निम्मं पुढच्या दोन-तीन महिन्यांत व्हायचं.

लग्न चौदा डिसेंबरला आहे.

चुडा विधवेच्या हाताने भरत नाहीत. तमन्नाचा नवरा सुरतेला गेला तो परतला नाही, तिच्या केसांत तेव्हा एक पांढरा नव्हता. पण तो मेल्याचं कोणी कळवलेलं नाही, म्हणून लग्नघरात तिचा हात शुभ. माझा नवरा मला टाकून एक रात्र कुठे राहिला नाही. तो कबरीत आहे म्हणून माझा हात नको. रोजच्या बांगड्या भरायला मी चालते. लग्नाला ती. लग्नसराईवर दुकान चालतं, म्हणून माझ्या घरात तिची मान ताठ.

डब्यात डाळ-भात नेला होता. म्हणाली, "आजाऱ्याला रस्सा द्यायची रीत हाय." मी म्हटलं, "आजाऱ्यानं गोड मानून खायची पण रीत हाय."

२५ नोव्हेंबर

आज ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो. हाताचे व्यायाम घेणारी एक पोरगी आहे, अपूर्वा. डॉक्टर नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पुण्याची. मला काकू म्हणाली, तमन्नाला मात्र लगेच आपा.

खोलीत काय काय आहे. एका ताटात तांदूळ, एकात राजमा, त्यात माणसं हात घालून बसतात. एक पेटी आहे, तिच्यात पातळ गरम मेण. एक मशीन, त्याचा दांडा लावून व्रण चोळतात. तमन्नाला यातलं काहीच दिलं नाही. पट्टी सोडली, मिठाच्या पाण्याने जखम पुसली, न चिकटणारी जाळी लावली. मग प्लास्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्यात मऊ केला आणि हाताच्या पाठीवर बसवला. गार झाल्यावर तो तसाच घट्ट झाला. त्याला स्प्लिंट म्हणतात. मनगट आत वाकलेलं, बोटं खाली वळलेली. भीक मागायला पुढे केल्यासारखा हात.

मी विचारलं, "असंच ठेवायचं? वाकडं?"

"हो काकू. दोरी आत नुसत्या टाक्यांवर आहे. सरळ केलं की ताण येतो आणि तुटते. दुसऱ्या हाताने बोटं हळूच तळहाताकडे न्यायची, मग स्प्लिंटला टेकेपर्यंतच सोडायची. मूठ वळायची नाही, काही उचलायचं नाही, स्प्लिंट काढायचं नाही. आणि जखम कोरडी."

"चौदा तारखेला चुडा भरायचाय त्यांना."

"फेब्रुवारीचं बोलूया," ती म्हणाली आणि हसली. तिला हसू कशाचं आलं?

एक इंग्रजी कागद दिला. मी म्हटलं, मराठीत द्या. मराठीत छापलेला नाही म्हणाली. मी दुसरी शिकलेली. पुढचं वाचायला शिकले ते बांगड्यांच्या खोक्यांत भरून येणाऱ्या रद्दीवर. इंग्रजी रद्दी आमच्याकडे येत नाही.

२७ नोव्हेंबर

तिची वेणी मला घालावी लागते. "हळू. केस हायेत, सुतळी न्हाई." न्हाणीच्या दाराशी मी उभी. ताटातला घास डाव्या हाताने खाते आणि माझ्याकडे असं बघते की तो हात मीच डावीकडे लावलाय.

आज पट्टी बदलताना बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजलेली दिसली. वास येत होता. फोन केला तर अपूर्वाने विचारलं, "पाणी लागलं का?" लागलं होतं. नमाजाआधीच्या वजूला. तमन्ना म्हणाली, "अल्लाच्या पाण्यानं काय हुतंय?" मी तेच फोनवर सांगितलं. पोरगी म्हणाली, "उजवा हात पिशवीत बांधा."

३० नोव्हेंबर

हाफीजच्या नंबरवर हैबतरावांचा फोन आला. दुकानाच्या पाटीवर अजून त्याचाच नंबर आहे. मी रिचार्ज मारत राहते. तमन्ना म्हणते मेलेल्या माणसाचा फोन बंद कर, पाटी बदल. पेंटरला वेळ नाही असं मी सांगते.

"हाफीजभाईंच्या घरनं का? तमन्ना आपांचा हात कसा हाय?"

"बरा हाय."

"न्हाई, माणसं कायबी बोलत्यात. आमच्या आईचा चुडा तुमच्या सासूनं भरला, बहिणीचा आपांनी. पोरीला पण त्याच पायजेत. जमंल ना?"

मी म्हटलं जमेल. "न्हाईच जमलं तर मी येईन" हे तोंडात आलं होतं. ते त्याला ऐकायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

२ डिसेंबर

टाके काढले. एका कोपऱ्यात जखम अजून उघडी आहे, गुलाबी. अपूर्वा म्हणाली गुलाबी रंग चांगला.

आमच्या आधी माले गावचा नथू होता. बैलगाडीवरून पडून मनगट मोडलेलं, प्लास्टर काढल्यावर आखडलेलं. त्याने मेणात हात बुडवला, काढला, बुडवला. हातावर मेणाचा मोजा चढला. वर प्लास्टिक, वर टॉवेल. नथू मला म्हणाला, "वहिनी, आमच्या जल्मात कुणी एवढं गरम करून वाढलं न्हाई." सगळे हसले. तमन्नाही हसली. मग मेण सोलून अपूर्वाने त्याचं मनगट धरलं आणि चांगलं जोर लावून मागे दाबलं. तो ओरडला. तिने सोडलं नाही. जाताना त्याचा हात येताना होता त्यापेक्षा सरळ होता.

मी विचारलं, "आमाला मेण कधी?"

"आत्ता नाही. जखम उघडी आहे, आत टाके आहेत. आपांचं वेगळं आहे."

"त्यांचा हात वढला तुमी."

"त्यांचं हाड जुळलंय, काकू. यांची दोरी जुळायची आहे."

हिच्याकडे सगळ्याला उत्तर आहे. ग्रंथालयातून शरीराची माहिती देणारं पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, न हलवलेला सांधा आखडतो आणि पुढे तसाच राहतो. पुस्तक लिहिणाराही डॉक्टरच आहे.

४ डिसेंबर

आज काम झालं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तमन्ना गादीवर बसून आपल्या हाताकडे बघत होती. ती म्हणाली, "पोलिओच्या पोरावानी दिसतुया. सायरा, खरं सांग. ह्ये असंच ऱ्हाणार?" तिने मला नावाने हाक मारली याला किती दिवस झाले असतील.

मी पुस्तकातलं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "त्या नथूचा वढला की तिनं."

"गरम करून वढला."

मग ती म्हणाली, "आपल्या घरात हात मऊ करायला मेण कवा लागलं?"

ते खरं होतं. नांगर धरणाऱ्या बाईचा पंजा असतो, त्यावरून सव्वादोन मापाची बांगडी मनगटावर उतरवतो आम्ही. साबणाचं कोमट पाणी, अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, करंगळीकडची बाजू मिटवायची, बाईला बोलण्यात गुंतवायचं. हात आपोआप सैल पडतो. हे मला तिच्याच आईने शिकवलं आणि तिलाही.

मी पाणी कोमट केलं. स्प्लिंटचे पट्टे सोडले. ती गिऱ्हाइकाच्या जागी बसली, मी भरणारीच्या. हात हलका झाला होता, कातडी सोलवटलेली. साबण लावला. तिने हाफीजचं काढलं. लहानपणी तो बांगड्या पायांत चढवून अंगणात नाचला होता आणि आईने त्याला फोकाने मारलं होतं. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी हसत होते, ती हसत होती आणि मी बोटं उघडत होते. आधी आडली. मग आतून दाताने दोरा तोडल्यासारखं काहीतरी झालं आणि दोन्ही बोटं पुरती सरळ झाली, अगदी सहज.

"या अल्ला," ती म्हणाली. मग बघून म्हणाली, "आगं, सरळ झाली की."

सरळ झाली. एका दुपारात. त्या पोरीला नऊ-दहा दिवसांत जमलं नाही. स्प्लिंट परत बांधलं, उगाच ओरडा नको म्हणून.

५ डिसेंबर

बोटं सरळ आहेत. तमन्ना म्हणते हात हलका वाटतोय.

६ डिसेंबर

बोटं वाकत नाहीत. मी वाकवली तर वाकतात, सोडली की पडतात. बाहुलीच्या हातासारखी. ती सकाळपासून प्रयत्न करते आहे. मी म्हटलं थंडीनं असेल.

"व्हय," ती म्हणाली. "थंडीनंच."

८ डिसेंबर

अपूर्वाने स्प्लिंट काढलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने तमन्नाचं मनगट पुढे-मागे केलं. बाकीची बोटं मनगटाबरोबर मिटत होती, ही दोन तशीच ताठ.

"हे कधी झालं? कोणी सरळ केलं?"

मी तोंड उघडलं. तमन्ना माझ्याआधी बोलली, "न्हाणीत पडले. हातावरच."

"स्प्लिंट असताना?"

"काढलं हुतं. माजी चूक."

अपूर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी राजम्याच्या ताटाकडे बघत राहिले. मग तिने मला बाहेर थांबायला सांगितलं, जखम बघायची आहे म्हणून. बराच वेळ बघत होती.

येताना एसटीत मी विचारलं, "खोटं कशाला बोलला?"

"तुजं नाव घेऊन काय, हात यिल माघारी?"

असं हे आहे. आता जन्मभर माझ्या डोक्यावर बसायची सोय झाली. मी तिच्याकडे मागितलं नव्हतं. खरं बोलली असती तर भांडता आलं असतं.

११ डिसेंबर

परत ऑपरेशन झालं. डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले. दोऱ्या तुटून मागे सरकल्या होत्या, ओढून परत शिवल्या. करंगळीच्या दोरीचा चोथा झाला होता. "एकाची आशा धरा. दुसऱ्याचं बघू." तमन्नाला मी सांगितलं, दोन्ही चांगली शिवलीत.

१४ डिसेंबर

उत्कर्षाचं लग्न झालं. पुण्याहून कोणी बांगडीवाला बोलावून चुडा भरला. हैबतरावांनी फोन करून सांगितलं, "आपांना म्हणावं, आमी वाट बघून बघितली." फाटलेला खोका फडताळात आहे. रात्री भाकरी वाढली तेव्हा तमन्ना म्हणाली, "पुरुषाचा हात चालतुया बघ. त्याची बायको जिती हाय का मेली, कुणी न्हाई इचारत."

मला वाटलं होतं हे फक्त माझ्याच मनात येतं.

१७ डिसेंबर

अपूर्वा म्हणाली, घरी व्यायाम कोण घेणार ते ठरवा, तो एकच माणूस घेईल आणि माझ्यासमोर शिकेल. मी म्हटलं नर्स लावू. तमन्ना म्हणाली, "हीच घील."

शिकवताना पोरगी माझ्या हातावर आपला हात ठेवून बसते. माझं बोट तिच्या बोटाखाली, त्याखाली तमन्नाचं. जरा जोर झाला की वर उचलते. "फक्त वजन, काकू. दाबायचं नाही." लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी बायांचे हात धरतेय आणि हात कसा धरायचा ते मला ही सांगणार. अडाणी समजते, दुसरं काय. नथूच्या बायकोला कागद हातात दिला आणि घरी पाठवलं. माझ्यावर मात्र असा पहारा.

२१ डिसेंबर

रोज हात धरावा लागतो. दोघी तोंड फिरवून बसतो. ती कॅलेंडरकडे बघते, मी रस्त्याकडे.

आज म्हणाली, "तुजा हात थरथरतुया."

"थंडी हाय."

"थंडी लई कामाला यिती तुज्या."

२९ डिसेंबर

जखम मिटली. व्रण लाल, फुगलेला, दोरखंडासारखा. अपूर्वाने तेल लावून तो गोल चोळायला शिकवलं, म्हणजे कातडी आतल्या दोरीला चिकटून बसणार नाही. चोळताना तमन्नाने दात आवळले. मी थांबले. "थांबू नगंस," ती म्हणाली. "तुला थांबायची सवय कवापासनं?"

मेण अजून दिलेलं नाही. मी विचारलं नाही.

६ जानेवारी

आज पहिल्यांदा तिने स्वतः जोर लावायचा होता. अपूर्वाने रीत दाखवली. मी बोटं हळूच वाकवून तळहाताजवळ न्यायची, मग माझा हात काढून घ्यायचा, आणि तिने ती तिथेच धरून ठेवायची. मुठीसारखं आवळायचं नाही. नुसतं पडू द्यायचं नाही.

मी अपूर्वाला म्हटलं, "हे तुमीच घ्या. माज्याकडनं चुकायचं."

"चुकणार नाही. तीन आठवडे बघतेय मी तुमचा हात."

"बघताय म्हंजे?"

ती तमन्नाकडे बघायला लागली. तमन्नाने मान हलवली, सांगा म्हणून.

"आपांनी मला आठ डिसेंबरलाच सांगितलं होतं, काकू. तुम्ही बाहेर होतात तेव्हा. साबण, कोमट पाणी, सगळं. मी म्हटलं, मग घरी दुसऱ्या कोणाला हात द्या. तर म्हणाल्या, नको, तीच घेईल. आता भीतीने तरी नीट करील."

म्हणजे हिला माहीत होतं. तीन आठवडे माझ्या हातावर हात ठेवून बसत होती आणि माहीत होतं. नथूसमोर, त्याच्या बायकोसमोर मी पाण्याचा ग्लास मागायचे, ताठ बसायचे.

एसटीत जागा होती तरी मी उभी राहिले. मालेच्या फाट्याला ती म्हणाली, "बस. पाय दुखतील."

"माज्या तोंडावर पडले म्हणालात आणि मागनं सांगितलंत."

"मागनं न्हाई. तू दाराबाहेर हुतीस."

"घरातलं बाहेर नेलंत."

"हात कुणाचा हाय, सायरा?"

मी बसले नाही.

८ जानेवारी

काल व्यायाम घेतला नाही. मी सांगितलं, दुसरं माणूस बघा.

आज दुपारी दुकानात ती माझ्यासमोर येऊन बसली. दातांनी स्प्लिंटचे पट्टे सोडले, हात पुढे केला.

"धर."

"मी न्हाई घेणार."

"मग कोण? हाफीज यिल?"

असं तिने कधी म्हटलं नव्हतं. मी तिला मारलं असतं. तिचं तोंड बघितलं आणि हात धरला, जोराने नाही. जोराने धरायची मला भीती वाटते, ते तिला माहीत आहे.

व्रणाला तेल लावलं. करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र तळहाताकडे नेली, नुसत्या वजनाने. ती डोळे मिटून बसली होती. माझ्या अंगठ्याखाली, तिच्या मनगटाच्या वर, काहीतरी आवळलं गेलं. बारीक. कातडीच्या आत सुतळी ताणल्यासारखं. पूर्वी तिथे काही नव्हतं.

मी हात काढून घेतला.

शेजारचं बोट राहिलं. थरथरत, पण तिथेच. करंगळी हळूहळू उतरली आणि सरळ झाली.

तिने डोळे उघडले. "ऱ्हायलं," ती म्हणाली. "सायरा, ऱ्हायलं बघ."

"एक ऱ्हायलं."

"तुला पडल्यालंच दिसणार," ती म्हणाली आणि हात परत पुढे केला. "धर. आजून यकदा."